रायगडावरील दोन लेख आणि हिवाळ्यातील प्रकाश

इ. स. १८४९ च्या नोव्हेंबरात जॉन रस्किन व्हेनिस येथे येऊन राहिला आणि पुढील मार्चपर्यंत, म्हणजे संपूर्ण हिवाळाभर, त्या नगरातील वास्तूंची मोजमापे व रेखाटने घेत राहिला. ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’ या त्याच्या ग्रंथाचे खंड १८५१ ते १८५३ या काळात प्रसिद्ध झाले. त्याच्या साधनांत डागेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटविलेली छायाचित्रे, हीही होती. त्यामागे घाईचे एक कारण होते. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुने दगड खरवडले जात होते, आणि खरवडलेल्या दगडावरील खूण पुन्हा मिळत नाही.

हीच अडचण रायगडाच्या अभ्यासकासही आहे. मात्र येथील परिस्थिती निराळी आहे. व्हेनिसचे दर्शनी सौध उभे आहेत. रायगडाची राजधानी मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या तोफांपुढे पडली, आगीत लाकूडकाम जळाले, आणि मागे राहिली ती जोती, भिंती, मनोरे व बाजारपेठेच्या ओट्यांच्या रांगा. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, हेन्री ऑक्झिंडन गडावर होता. परंतु त्याच्याजवळ लेखणी होती, कॅमेरा नव्हता. गडाचे छायाचित्र म्हणून आज जे घेता येते ते मुळातच अवशेषांचे आहे.

महाडहून पाचाडकडे जाणाऱ्या मार्गावर नाते हे गाव लागते. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे जन्मस्थान (१८९६) म्हणून ते सुशिक्षितांस परिचित आहे. छायाचित्रणासाठी शनिवार-रविवार साधून येणारे बहुतेक प्रवासी येथूनच पुढे जातात, आणि हिवाळा निवडतात. पावसाळ्यात गड धुक्यात बुडालेला असतो; उन्हाळ्यात क्षितिज धुरकट होते. हिवाळ्यातही काळ व गांधारी या नद्यांच्या खोऱ्यांतील धुके उतरेपर्यंत थांबावे लागते. तथापि हिवाळा म्हणजे तिरपा प्रकाश, ही समजूत युरोपीय पुस्तकांतून आलेली आहे. व्हेनिस येथे डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे २१ अंशांवर असतो, रायगडावर सुमारे ४८ अंशांवर. व्हेनिसमध्ये दुपारी मिळणारा प्रकाश येथे सकाळी वा सायंकाळी थोडाच वेळ मिळतो.

हा प्रश्न सौंदर्याचा नव्हे, पाठनिर्णयाचा आहे. जगदीश्वराच्या मंदिरात दोन लेख आहेत. भिंतीवरील संस्कृत लेख पद्यात असून त्यातील शब्दांकांनी शके १५९६ हे वर्ष मिळते. गड रचणाऱ्याचे नाव त्यात ‘हीराजिना’ असे तृतीयेत येते. पायरीवरील लेख मराठीत आहे. सेवेत तत्पर असलेल्या हिरोजीचा तो एका ओळीचा निर्देश होय. संस्कृत लेखाचे वृत्त शार्दूलविक्रीडित. त्या स्थानी गुरू, गुरू, लघू, गुरू असा क्रम हवा. ‘हिरोजी’चा ‘हि’ दीर्घ आणि ‘जी’ ऱ्हस्व झाला तो यामुळे. परंतु ‘ओ’चा ‘आ’ वृत्ताने मागितलेला नाही, कारण ‘हीरोजिना’ हेही तितकेच बसते. तो बदल रचनाकाराने संस्कृत वळण देण्यासाठी केला असावा. बोलीतले नाव पायरीवर आहे आणि सभेतले भिंतीवर.

संस्कृत लेखात आडनाव नाही; ते पायरीवरच आहे. ते कोणी ‘इटळकर’ वाचतात, तर ‘इंदुलकर’, ‘इंदलकर’ ही रूपेही रूढ आहेत. ‘कर’ प्रत्ययाचे आडनाव गावाकडे बोट दाखविते. म्हणून एका अक्षराच्या फरकाने माणसाचे मूळ गाव बदलते. झिजलेल्या दगडात ‘ट’ आणि ‘द’ यांची वळणे जवळ येतात. त्यात सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांची भोके नैसर्गिकच असतात. अनुस्वार म्हणून वाचलेले टिंब असे भोकही असू शकते, आणि उकार हा केवळ उडालेला टवका.

अशा लेखाचे छायाचित्र घेण्यापूर्वी अक्षरांत खडू वा रंग भरण्याची सर्वत्र आढळणारी रीत अभ्यासाच्या मुळावर येते. रंग भरणारा आधी अक्षर ठरवितो, मग भरतो. छायाचित्रात उमटतो तो त्याचा पाठ. दगड काय म्हणतो हे त्यानंतर कळत नाही. जुन्या संशोधकांची ओल्या कागदाचा ठसा घेण्याची पद्धत कष्टाची होती, पण या बाबतीत अधिक प्रामाणिक होती. महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांतील कुमार काणभोअ व्हेणुपालित याचे नाव बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांच्या १८८१ च्या संग्रहात आले आहे. अशा प्राकृत नामरूपांवर आज चर्चा करता येते ती अक्षरांची नक्कल आधी आणि अर्थ नंतर, हा क्रम पाळला गेल्यामुळेच.

हिरोजीने नाव भक्तांच्या पायाखाली ठेवले, असे परंपरा कौतुकाने सांगते. कौतुक योग्यच आहे. झीजही त्याच जागेमुळे आहे. १९९६ पासून रज्जुमार्गाने गडावर जाणे सुलभ झाले, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांत रायगडही आहे. दोन दिवसांच्या मुक्कामात पायरी रंगाविना, मोजपट्टी ठेवून, सकाळी एका बाजूच्या व सायंकाळी दुसऱ्या बाजूच्या उन्हात टिपणे अवघड नाही. छिन्नीने खोदलेल्या टिंबाची कड तीक्ष्ण असते आणि त्याची खोली शेजारच्या रेघांशी जुळते. वायूचे भोक वाटोळे व आतून गुळगुळीत असते. कड झिजली तरी खोलीचा फरक दोन्ही वेळच्या सावल्या ताडून पाहिल्यास दिसू शकतो. ‘इं’ की ‘इ’ याचा निर्णय प्रथम तेथे लागावयाचा आहे. ‘ट’ आणि ‘द’ यांचा त्यानंतर.