दिव्यांग कुटुंबीयासोबत क्रूझ: केबिन घ्यावी की सूट?

आई-वडिलांच्या लग्नाची पन्नाशी, मुलांची सुट्टी किंवा मोठ्या आजारपणानंतरचा पहिला प्रवास म्हणून अनेक कुटुंबे आता क्रूझचा विचार करतात. घरात कुणी व्हीलचेअरवर असेल तर क्रूझ सोयीची ठरू शकते. बॅगा एकदाच उघडाव्या लागतात, रोज हॉटेल बदलावे लागत नाही. जेवण, करमणूक आणि डॉक्टर एकाच जहाजावर असतात.

मात्र ही सगळी सोय खोलीवर अवलंबून असते. दार अरुंद निघाले तर व्हीलचेअर आत जात नाही. बाथरूमला उंबरठा असेल तर आंघोळ अडते आणि रात्री पडण्याचा धोका वाढतो. व्हीलचेअरसाठी बनवलेल्या खोल्या जहाजावर मोजक्याच असतात. त्यामुळे जहाज सुटल्यावर खोली बदलून मिळेलच असे नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी काय तपासावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

मोठी खोली म्हणजे सुलभ खोली नव्हे

‘सूट घेतला की प्रश्न मिटला’ असे अनेकांना वाटते. सूटमध्ये बसायची वेगळी जागा, मोठी बाल्कनी आणि जास्त कपाटे मिळतात. पण सूटचे मुख्य दार आणि बाथरूमचे दार साध्या केबिनइतकेच अरुंद असू शकते. शिवाय बऱ्याच सूटमध्ये बाथटब असतो. ज्याच्या एका पायात ताकद नाही, त्याला टबची उंच कड ओलांडणे कठीण आणि धोक्याचे असते.

त्यामुळे आधी ‘सूट की केबिन’ हे ठरवू नका. खोली ‘व्हीलचेअरसाठी सुलभ’ या वर्गात येते का, हे आधी विचारा. सुलभ वर्गातली साधी केबिन ही सुलभ नसलेल्या महागड्या सूटपेक्षा केव्हाही चांगली. काही जहाजांवर सुलभ सूटही असतात, पण त्यांची संख्या फार कमी असते. तो हवा असेल तर बरेच महिने आधी बुकिंग करावे लागते.

आधी घरी निरीक्षण करा

खोली शोधायला लागण्यापूर्वी दोन दिवस रुग्णाची दिनचर्या बारकाईने पाहा आणि लिहून ठेवा.

- पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर जाताना किती जणांची मदत लागते?
- आधार घेऊन चार पावले टाकता येतात का, की अजिबात उभे राहता येत नाही?
- अंगाची कोणती बाजू कमजोर आहे? आधाराची दांडी कोणत्या हाताला लागते?
- आंघोळ बसून होते का? शॉवर चेअर लागते का?
- रात्री किती वेळा उठावे लागते?
- वीज लागणारी कोणती उपकरणे आहेत?

हे प्रश्न ठरवताना रुग्णाला सोबत बसवा. कशात भीती वाटते, कोणती मदत कुणाकडून घ्यायला संकोच वाटतो, हे तोच सांगू शकतो. ‘सरप्राइज’ म्हणून परस्पर बुकिंग करू नका.

बुकिंगपूर्वी विचारायची मापे

‘आमची खोली व्हीलचेअर फ्रेंडली आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. मापे ईमेलवर लेखी मागवा. स्वतःची व्हीलचेअर चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या चाकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. हात चाकावर ठेवून खुर्ची चालवायची असेल तर दोन्ही बाजूंना थोडी जास्त जागा धरा.

- दार: साध्या केबिनचे दार बहुधा २२-२३ इंच रुंद असते. प्रौढांची नेहमीची व्हीलचेअर सुमारे २४ ते २७ इंच रुंद असते, म्हणजे ती आत जात नाही. सुलभ खोलीचे दार किमान ३२ इंच मोकळे हवे. खोलीचे आणि बाथरूमचे, दोन्ही दारे विचारा.
- वळायची जागा: व्हीलचेअर पूर्ण फिरवायला सुमारे ५ फूट व्यासाची मोकळी जागा लागते. ती पलंगाजवळ आणि बाथरूममध्येही हवी.
- बाथरूमचा उंबरठा: साध्या केबिनमध्ये पाणी बाहेर येऊ नये म्हणून काही इंचांचा उंबरठा असतो. सुलभ खोलीत तो नसावा किंवा त्याला उतार असावा.
- शॉवर: टब नको. चाकांची खुर्ची थेट आत नेता येईल असा सपाट शॉवर, भिंतीला घडीची सीट आणि हातात धरायचा शॉवर हवा.
- कमोड: १७ ते १९ इंच उंचीचा कमोड बहुतेकांना सोयीचा पडतो. दांड्या कोणत्या बाजूला आहेत आणि खुर्ची लावायला जागा कोणत्या बाजूला आहे, हे विचारा.
- पलंग: त्याची उंची व्हीलचेअरच्या सीटच्या जवळपास हवी. रुग्णाला उचलायला पेशंट लिफ्ट वापरत असाल, तर तिचे पाय सरकण्यासाठी पलंगाखाली मोकळी जागा लागते.
- बाल्कनी: तिथेही उंबरठा असतो. उतार नसेल तर बाल्कनीचे पैसे वाया जातात.

बॅटरीची व्हीलचेअर किंवा स्कूटर कॉरिडॉरमध्ये ठेवू देत नाहीत, कारण आगीच्या वेळी तो बाहेर पडण्याचा मार्ग असतो. ती खोलीतच ठेवावी आणि चार्ज करावी लागते. त्यामुळे दार अरुंद असेल तर ‘बाहेर ठेवू’ हा उपायही उरत नाही.

जहाजाचे वयही विचारात घ्या. मुंबईहून सफरी करणारे ‘एम्प्रेस’ १९९० साली सेवेत आले. त्यानंतर जहाजांचा आकार खूप वाढला आणि रचनाही बदलली. एका जहाजाची मापे दुसऱ्याला लागू होत नाहीत, म्हणून नेमक्या त्याच जहाजाची आणि त्याच खोलीची मापे मागा.

सुलभ खोल्यांचे प्रकार

कंपन्यांची नावे वेगवेगळी असली तरी साधारणपणे तीन प्रकार आढळतात.

१. पूर्ण सुलभ: पलंगाच्या दोन्ही बाजूंना आणि बाथरूममध्ये व्हीलचेअर फिरते. अजिबात उभे राहू न शकणाऱ्यांसाठी हीच घ्यावी.

२. एका बाजूने सुलभ: पलंगाच्या एकाच बाजूला खुर्ची लावता येते. अर्धांगवायूचे रुग्ण शक्यतो चांगल्या बाजूकडे सरकतात. त्यामुळे मोकळी बाजू डावी की उजवी, हे कळल्याशिवाय ही खोली घेऊ नका.

३. थोडे चालू शकणाऱ्यांसाठी: आधाराच्या दांड्या असतात, पण दार अरुंद असू शकते. काठी किंवा वॉकर वापरणाऱ्यांना ही पुरते.

खोली जहाजात कुठे असावी?

जहाज सर्वांत कमी हलते ते मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर. टोकांना आणि वरच्या मजल्यांवर हालचाल जास्त जाणवते. अनेक सूट नेमके तिथेच असतात. तोल जाणाऱ्या किंवा चक्कर येणाऱ्या रुग्णासाठी मधली, खालच्या मजल्यावरची खोली निवडा.

मोठी जहाजे ३०० मीटरहून लांब असतात. खोली लिफ्टपासून दूर असेल तर दिवसातून अनेकदा लांब कॉरिडॉर पार करावा लागतो. लिफ्टच्या जवळची, पण अगदी लागून नसलेली खोली चांगली. वर किंवा खाली स्विमिंग पूल, नाट्यगृह, डिस्को नाही ना, हे नकाशावर पाहा.

आजारानुसार काय पाहावे?

मज्जारज्जूची इजा: बेडसोअर टाळण्यासाठी घरची हवेची गादी पलंगावर बसेल का, हे विचारा. कॅथेटर, मूत्रपिशव्या नेहमीपेक्षा दीडपट न्या. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत (टी-६ किंवा त्याहून वर) असेल, तर लघवी तुंबल्याने किंवा शौचास न झाल्याने रक्तदाब अचानक वाढून डोके ठणकू शकते. ही स्थिती तातडीची असते. तिची माहिती देणारे डॉक्टरांचे पत्र जवळ ठेवा. अशा व्यक्तींना उन्हाचा त्रासही लवकर होतो, म्हणून खोलीचे तापमान कमी-जास्त करता आले पाहिजे.

पार्किन्सन (कंपवात): अरुंद जागेत आणि वळताना पाय अडखळतात. पलंग ते बाथरूम हा मार्ग सरळ हवा. रात्री तिथे दिवा असू द्या.

स्मृतिभ्रंश: खिडकी नसलेल्या आतल्या केबिनमध्ये दिवस-रात्रीचे भान सुटून गोंधळ वाढू शकतो. पण बाल्कनीही धोक्याची असू शकते. न उघडणाऱ्या खिडकीची केबिन हा मधला मार्ग आहे. दार उघडताच वाजणारा छोटा अलार्म सोबत न्या.

ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेले मूल: शांत भागातली खोली आणि आतून जोडलेल्या दोन खोल्या उपयोगी पडतात. पलंगाला कठडा मिळेल का, हे आधी विचारा.

श्वसनाचे आजार: ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा सीपॅप नेणार असाल तर कंपनीला आधी कळवा. पलंगाजवळ सॉकेट आहे का आणि व्होल्टेज किती, हे विचारा. घरचे एक्स्टेंशन बोर्ड बऱ्याच जहाजांवर चालत नाहीत. आधी सांगितल्यास जहाजाकडून ते मिळू शकते.

काळजी घेणाऱ्याचाही विचार करा

जहाजाचे कर्मचारी आंघोळ घालणे, डायपर बदलणे, पलंगावरून उचलणे ही कामे करत नाहीत. ती तुम्हालाच करायची असतात, म्हणून मदतीला जागा पुरेल अशीच खोली हवी. वाकून, अवघडून उचलताना पहिल्याच दिवशी पाठ दुखावली तर सगळ्यांचाच प्रवास बिघडतो.

बजेट मर्यादित असेल तर एका मोठ्या सूटऐवजी एक सुलभ केबिन आणि तिला जोडलेली एक साधी केबिन घ्या. रात्री आळीपाळीने झोप मिळते आणि रुग्णालाही खासगीपणा मिळतो.

‘समुद्र लागू नये’ म्हणून औषध घेताना

सिनॅरिझिन, प्रोमेथाझिन यांसारख्या गोळ्यांनी झोप येते आणि पडण्याचा धोका वाढतो. वृद्धांमध्ये गोंधळ होऊ शकतो. प्रोस्टेट वाढलेल्यांना प्रोमेथाझिनने लघवी अडू शकते. पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये या दोन्ही गोळ्या आणि उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड त्रास वाढवू शकतात. फिट येणाऱ्यांनी किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी घेऊ नये. औषध कोणते आणि किती, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

वैद्यकीय सोय आणि विमा

जहाजावर डॉक्टर, परिचारिका आणि छोटा दवाखाना असतो. तिथे तातडीचे उपचार होतात, मोठ्या रुग्णालयासारखी सोय नसते. बहुतेक जहाजांवर डायलिसिस नसते. उपचारांचे पैसे सहसा लगेच तुमच्या खात्यात लावले जातात आणि विम्याचा दावा नंतर करावा लागतो. पूर्वीचे आजार आणि जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च विम्यात येतो का, हे पॉलिसीत वाचा.

औषधे, प्रिस्क्रिप्शन आणि कॅथेटर हातातल्या बॅगेतच ठेवा. मोठ्या बॅगा खोलीत पोहोचायला काही तास लागू शकतात.

बंदरात उतरणे आणि आणीबाणी

काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही आणि प्रवाशांना छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. लक्षद्वीप आणि ग्रीसमधले सँटोरिनी ही त्याची उदाहरणे. समुद्र खवळलेला असेल तर व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला बोटीत घेत नाहीत. बॅटरीची जड खुर्ची तर बहुधा नेताच येत नाही. धक्क्यावरही भरती-ओहोटीनुसार जिन्याचा उतार बदलतो. प्रत्येक बंदरात कसे उतरायचे, हे आधी विचारा. ज्या दिवशी रुग्णाला जहाजावरच थांबावे लागेल, त्या दिवशी त्याच्यासोबत कोण थांबणार तेही ठरवा.

आगीच्या वेळी लिफ्ट वापरता येत नाही. मदतीची गरज असलेल्या प्रवाशांची नोंद जहाज सुटण्यापूर्वी कप्तानाकडे देण्याची तरतूद आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा नियमांत आहे. पण ती तुम्ही सांगितले तरच होते. जमण्याचे ठिकाण कोणते आणि रुग्णाला जिन्यावरून कोण नेणार, हे सुरक्षा सरावाच्या वेळीच विचारून घ्या.

युरोपीय संघाच्या नियमानुसार मदतीची गरज किमान ४८ तास आधी कळवायची असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये निकाल दिला, की तिथल्या बंदरांतून जाणाऱ्या परदेशी ध्वजाच्या क्रूझ जहाजांनाही दिव्यांगांविषयीचा कायदा लागू होतो. कोणत्याही देशातून निघालात तरी गरजा बुकिंगच्या वेळीच लेखी कळवणे उत्तम.

प्रवास केव्हा पुढे ढकलावा?

- नुकताच पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल
- फिट आटोक्यात नसतील
- उघडा किंवा संसर्ग झालेला बेडसोअर असेल
- ऑक्सिजनची गरज वाढत असेल
- डायलिसिसचे वेळापत्रक सांभाळता येणार नसेल

अशा वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय निघू नका.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जहाजावर व्हीलचेअर मिळते का?
मिळते, पण ती बहुधा चढण्या-उतरण्यापुरती आणि आणीबाणीसाठी असते. रोजच्या वापराची खुर्ची स्वतःची न्या किंवा आधी भाड्याने ठरवा.

सुलभ खोली शिल्लक नसेल, पण एजंट म्हणतो ‘तिथे गेल्यावर बघू’. काय करावे?
तारीख किंवा जहाज बदला. अरुंद दार तिथे गेल्यावर रुंद होत नाही.

लक्षात ठेवा

दार, बाथरूम आणि पलंग या तिन्ही जागी तुमचा माणूस सुरक्षितपणे पोहोचत असेल, तरच ती खोली तुमच्यासाठी योग्य आहे. या तीन गोष्टींची मापे लेखी हातात आल्यावरच पैसे भरा. सूट, बाल्कनी आणि समुद्राचे दृश्य यांचा विचार त्यानंतर करा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या कुटुंबीयाच्या प्रकृतीनुसार आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.*