न्हाण, हवामान आणि वारसा

मुलीला न्हाण आले की तिला मखरात बसवावयाचे आणि सोळा दिवसांच्या आत गर्भाधानाचा विधी उरकावयाचा, हा क्रम आमच्या पणज्यांच्या काळी अनेक ब्राह्मण घरांत चालत असे. १८९१ सालचा संमतिवयाचा कायदा याच क्रमाच्या आड आला. कलकत्त्यास नोकरीनिमित्त राहणाऱ्या वाचकांस ठाऊक असेल की, त्याचे निमित्त त्याच शहरी घडले होते. १८९० मध्ये फूलमणी दासी ही सुमारे अकरा वर्षांची मुलगी पतीच्या संभोगाने मरण पावली. आणि संमतिवय दहाच असल्याने पतीवर बलात्काराचा गुन्हा लागू होईना. नव्या कायद्याने ते वय बारा केले. पुण्यात टिळकांनी परक्या सरकारच्या हस्तक्षेपास विरोध केला, तर डॉ. भांडारकरांनी धर्मशास्त्राच्याच आधारे कायद्याची बाजू उचलून धरली.

या गदारोळात एक गृहीत मात्र बहुतेकांनी निमूटपणे स्वीकारले होते: उष्ण देशात मुली लौकर वयात येतात! हे गृहीत शास्त्रांतून आलेले नव्हे. माँतेस्क्यूने १७४८ साली ते ग्रंथात नोंदवले. उष्ण देशांतील मुली आठ-नऊ वर्षांच्या वयात विवाहयोग्य होतात, असे त्याचे म्हणणे. पुढे मँचेस्टरच्या जॉन रॉबर्टन या वैद्याने हिंदुस्थानातून माहिती मागवून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते खोडून काढले. दोन देशांतील अंतर समजले जाई त्याहून पुष्कळच कमी निघाले. पन्नास वर्षांनी वाद घालणाऱ्यांस मात्र रॉबर्टनची फारशी आठवण राहिलेली दिसत नाही.

मग हे वय ठरते कशाने? मुलगी आईच्या वळणावर जाते, ही बायकांची समजूत हवामानाच्या सिद्धांताहून सरस ठरली. एकरूप जुळ्या बहिणींच्या प्रथम ऋतुदर्शनात काही महिन्यांचेच अंतर पडते. भिन्नरूप जुळ्यांत ते कितीतरी वाढते. एकाच समाजातील मुलींमुलींत जो फरक दिसतो, त्याचा निम्मा किंवा अधिक भाग वारशाचा, असा जुळ्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. २००३ मध्ये मेंदूतील एका ग्राहक-प्रथिनाच्या जनुकात बिघाड असलेली माणसे वयातच येत नाहीत, असे आढळले. २०१७ मध्ये सुमारे ३,७०,००० स्त्रियांच्या तपासणीतून या वयाशी निगडित अशा ३८९ खुणा जनुकसंचयात सापडल्या. म्हणजे एखादा जनुक घड्याळाचा काटा फिरवतो असे नव्हे. शेकडो जण त्याला किंचित पुढेमागे ढकलतात. २०१३ मध्ये उघड झालेला एक प्रकार तर मौजेचा आहे: एमकेआरएन३ या जनुकाची आईकडून आलेली प्रत मूक असते, बापाची तेवढी बोलते. तिच्यात दोष असेल तर अपत्य फार लौकर वयात येते. आजीबाईंना हे सांगून पटले नसते.

परंतु वारशाचा हा हिशेब एका काळातल्या, एका परिस्थितीतल्या मुलींपुरता. युरोपात शंभर-सव्वाशे वर्षांत हे वय सोळा-सतराहून तेराच्या आसपास आले. चारपाच पिढ्यांत जनुक एवढे पालटत नाहीत. पालटले ते अन्न आणि आजारपण. उपाशी मुलीचे शरीर वारसा असूनही थांबून राहते.

१९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले, तेव्हा न्हाण केव्हा येते हा प्रश्नच कायद्याने बाजूस सारला. १९७८ पासून ते अठरा आहे.