अर्धस्वयंचलित पिस्तुलातील भरणदोष

मॅगझिनमधील काडतूस नळीच्या मागील भागात, म्हणजे चेंबरमध्ये, पूर्णपणे न पोहोचल्यामुळे अर्धस्वयंचलित पिस्तुलाच्या कार्यचक्रात येणाऱ्या अडथळ्यास भरणदोष असे म्हणतात. हा दोष नव्या पिस्तुलात विशेषतः पहिल्या काही डझन गोळ्यांत आढळतो. त्याचे खापर बहुधा पिस्तुलावर फुटते, पण कारण पुष्कळदा मॅगझिन, काडतूस किंवा वंगण यांत असते.

कार्यचक्र

गोळी सुटल्यावर स्लाइड मागे जाते, एक्स्ट्रॅक्टर रिकामी पुंगळी ओढून काढतो आणि इजेक्टर ती बाहेर फेकतो. स्प्रिंगच्या जोराने परतणारी स्लाइड मॅगझिनमधील सर्वांत वरच्या काडतुसाला मागून ढकलते. काडतुसाचे टोक नळीच्या तोंडाशी असलेल्या उतारावरून (फीड रॅम्प) वर चढते आणि काडतूस चेंबरमध्ये बसते. मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचे काडतूस वेळेत वर उचलणे, मॅगझिनच्या ओठांनी ते योग्य कोनात सोडणे आणि स्लाइडला पुरेसा वेग मिळणे, या तीन गोष्टी जुळल्या तरच भरण निर्दोष होते.

दोषाचे प्रकार

काडतुसाचे टोक उताराला टेकून अडकणे हा सर्वांत परिचित प्रकार होय. काही वेळा काडतूस चेंबरमध्ये शिरते, पण स्लाइड एखाद-दोन मिलिमीटर उघडी राहते. स्लाइड काडतुसाला न पकडता वरून निघून गेली तर चेंबर रिकामे राहते आणि चाप ओढल्यावर नुसता ‘टक्’ आवाज येतो. जुनी पुंगळी चेंबरमध्येच राहून तिच्या मागे नवे काडतूस येऊन आदळले तर त्यास दुहेरी भरण म्हणतात. हा मुळात पुंगळी न निघण्याचा दोष असतो. रिकामी पुंगळी स्लाइडच्या खिडकीत उभी अडकणे हाही भरणदोष नसून फेक-दोष आहे. हा फरक न ओळखल्यास दुरुस्ती चुकीच्या भागाची होते.

.३२ काडतूस आणि कडेची अडक

भारतात ९×१९ मिमी हे सैन्य व पोलिसांचे काडतूस असल्याने त्याचे पिस्तूल निषिद्ध बोअरमध्ये मोडते. त्यामुळे नागरी परवानाधारकाच्या हाती बहुधा .३२ बोअरचे (७.६५ मिमी) पिस्तूल येते. आयुध कारखान्यांचे ‘अशनी’ हे त्याचे परिचित उदाहरण. देशी काडतुसांच्या बुडावर दिसणारी ‘के एफ’ ही अक्षरे पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण आहे. १८६९ साली स्थापन झालेला हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे आहे.

जॉन ब्राउनिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या या काडतुसाची बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर आलेली असते. कडेचा व्यास सुमारे ९.१ मिमी, तर अंगाचा सुमारे ८.६ मिमी. एवढा अर्ध्या मिलिमीटरचा फरक त्रासदायक ठरतो. वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेमागे गेली की वरचे काडतूस पुढे सरकूच शकत नाही. यालाच कडेची अडक म्हणता येईल. मूळ गोल टोकाच्या काडतुसासाठी बेतलेल्या मॅगझिनमध्ये आखूड, पोकळ टोकाची काडतुसे भरल्यास मागे-पुढे सरकायला मोकळी जागा मिळते आणि अडक होण्याची शक्यता वाढते. स्लाइड मागे-पुढे ओढून ही अडक सुटत नाही. मॅगझिन काढून काडतुसे पुन्हा भरावी लागतात. भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कड खालच्या कडेच्या पुढे येईल याची खात्री करणे हाच साधा उपाय आहे.

नेमबाजीतील .२२ काडतुसाची कड प्रमाणात आणखी मोठी असते. शिवाय त्याची मऊ शिशाची गोळी व तिच्यावरील मेण यांचा थर उतारावर व चेंबरमध्ये साचतो. त्या पिस्तुलांत स्वच्छतेचे महत्त्व म्हणूनच अधिक.

निदान

प्रथम पिस्तुलाचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून बोट चापाबाहेर घ्यावे, मॅगझिन काढावे, स्लाइड अनेकदा ओढावी आणि चेंबर डोळ्यांनी पाहावे. चाप ओढूनही गोळी सुटली नाही, तर ती उशिरा सुटण्याची शक्यता असल्याने स्लाइड उघडण्यापूर्वी तोंड लक्ष्याकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबण्याची शिस्त आहे. बार नेहमीपेक्षा दबका वाजला असेल तर पुढचे काडतूस मुळीच भरू नये. दारू अपुरी जळाल्याने गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी गोळी सुटल्यास नळी फुटून हात जायबंदी होऊ शकतो. वरवर हा प्रसंग साध्या भरणदोषासारखा दिसतो, म्हणूनच तो सर्वांत धोकादायक.

त्यानंतर दोष कोणत्या काडतुसाला येतो हे पाहावे. पूर्ण भरलेल्या मॅगझिनचे पहिलेच काडतूस अडकत असेल तर नव्या स्प्रिंगचा अतिरिक्त दाब किंवा स्लाइड हाताने धरून हळू सोडण्याची सवय कारण असते. स्लाइड मागे ओढून मोकळी सोडावी लागते. शेवटचे काडतूस अडकत असेल तर मॅगझिनची स्प्रिंग किंवा काडतुसांखालील तबकडी संशयित ठरते. दोष कोठेही येत असेल तर काडतूस, एक्स्ट्रॅक्टर किंवा उतार तपासावा. मॅगझिनांवर क्रमांक टाकून कोणत्या क्रमांकाला दोष येतो याची नोंद ठेवल्यास निम्मे काम होते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, अन्यथा गुण कशाने आला ते कळत नाही.

नव्या पिस्तुलावर गंज न चढण्यासाठी दिलेले घट्ट ग्रीस पुसून स्लाइडच्या खाचांत हलके तेल लावणे हा पहिला उपचार आहे. चेंबर मात्र कोरडे हवे. हीच अडचण जुन्या पिस्तुलातही दिसते: निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा केलेले शस्त्र परत मिळते तेव्हा त्यातील तेल दाटलेले असू शकते. पकड सैल असल्यास किंवा अंगठा स्लाइडला घासत असल्यासही स्लाइडचा वेग कमी पडतो. उतार कानशीने घासणे हा लोकप्रिय, पण वाईट उपाय आहे; कोन बिघडला तर तो परत आणता येत नाही.

कायदा आणि सराव

परदेशी माहितीपुस्तिकांत नव्या पिस्तुलातून शे-दोनशे गोळ्या झाडून ते ‘मोकळे’ करण्याचा सल्ला आढळतो. धाराशिवसारख्या जिल्ह्यातील परवानाधारकाला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. त्याचा परवाना जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून मिळतो आणि काडतुसांची संख्या परवान्याने मर्यादित असते. शेतात गोळी झाडून पाहणे हा चाचणीचा मार्ग नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार निष्काळजीपणे किंवा आनंदोत्सवात गोळीबार करून इतरांची सुरक्षितता धोक्यात आणल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चाचणी अधिकृत नेमबाजी केंद्रातच करावी लागते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायासही परवाना लागतो. त्यामुळे साफसफाईपलीकडचे काम गावातल्या लोहाराकडे किंवा लेथवाल्याकडे देता येत नाही. गावठी पिस्तुलांना तर हे निदान लागूच होत नाही, कारण त्यांची मापेच ठरलेली नसतात. बारूद नसलेल्या बनावट काडतुसांनी भरण तपासणे मात्र काडतुसे खर्च न करता शक्य आहे.

नेमबाजी स्पर्धेत

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी इंडोनेशियातील २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. या प्रकारात .२२ पिस्तूल वापरतात व पाच-पाच गोळ्यांच्या मालिका असतात. द्रुत टप्प्यात लक्ष्य प्रत्येक गोळीसाठी फक्त तीन सेकंद दिसते. अडकलेले काडतूस तेवढ्यात काढणे अशक्यप्राय असते. अशा वेळी खेळाडूने पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने तसेच धरून मोकळा हात वर करायचा असतो. पंचाने पाहण्यापूर्वी स्लाइड उघडली, मॅगझिन नीट बसवलेले नव्हते किंवा काडतुसे कमी भरली होती, तर दोष ग्राह्य धरला जात नाही आणि न झाडलेल्या गोळ्यांचे गुण जातात. पोलीस व सैन्याच्या प्रशिक्षणात याउलट अडथळा स्वतः तत्काळ दूर करण्याचा सराव दिला जातो. त्यामुळे सेवेत राहून नेमबाजी करणाऱ्यांना रेंजवर ही सवय जाणीवपूर्वक आवरावी लागते.