एका बाटलीचा हिशेब

३० ऑक्टोबर १९०२. परळच्या प्रयोगशाळेतील प्लेगची लस पंजाबातील मुल्कोवाल येथे १०७ जणांना टोचली गेली आणि त्यांतील १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष लसीवर आला. तिचे जनक वाल्डेमार हाफकिन निलंबित झाले.

मात्र मृत्यूंची बाटलीवार मांडणी करताच चित्र पालटते. सर्व १९ जणांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. इतर बाटल्यांतील ८८ जण सुखरूप राहिले. ती बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी बाजू लावून धरल्यावर १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले.

लससुरक्षेचे आजचे संख्याशास्त्रही प्रथम हेच विचारते: अपेक्षित किती, घडले किती आणि कोणत्या गटात?