आरबी-२६ : एका टर्बो इंजिनाच्या पुनर्बांधणीचा इतिहास

निसान कंपनीने १९८९ मध्ये स्कायलाइन जीटी-आर (आर-३२) या गाडीबरोबर बाजारात आणलेले आरबी-२६-डीईटीटी हे सहा सिलिंडरांचे इंजिन मोटारींच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. एक म्हणजे ते शर्यतीचे नियम समोर ठेवून रचले गेले, आणि दुसरे म्हणजे कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर जपान, ऑस्ट्रेलिया व पुढे इतर देशांतील कार्यशाळांनी ते खोलून, मोजून, नव्या भागांनी बांधून त्याच्या मूळ शक्तीच्या दुपटीपलीकडे नेले. या पुनर्बांधणीचा इतिहास वरवर पाहता वाढत्या अश्वशक्तीचा वाटतो; प्रत्यक्षात तो एकामागून एक उघड होत गेलेल्या दुबळ्या दुव्यांचा आणि ते सांधण्यासाठी विकसित झालेल्या शिस्तीचा इतिहास आहे.

सिलिंडरांतून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या जोरावर टर्बाइनचे एक चाक फिरवायचे, त्याच दांड्यावर बसवलेल्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरायची आणि वाढलेल्या हवेच्या प्रमाणात अधिक इंधन जाळून अधिक शक्ती मिळवायची, हे टर्बोचार्जरचे तत्त्व होय. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी याने १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. या दाबाला, म्हणजे वातावरणाच्या दाबावर चढवलेल्या जादा दाबाला, 'बूस्ट' म्हणतात. जपानमध्ये कारखान्याने टर्बो बसवलेली पहिली प्रवासी मोटार निसाननेच १९७९ मध्ये विक्रीस आणली. परंतु शिझुओका प्रांतातील एचकेएस या १९७३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने त्याच्या पाच वर्षे आधी, १९७४ मध्ये, प्रवासी गाडीवर बाहेरून बसवता येईल असा टर्बो-संच विकायला सुरुवात केली होती. कार्यशाळेची ही विद्या जपानमध्ये कारखान्याच्या मागे आली नाही, तर काही बाबतींत पुढे चालली, हे आरबी-२६ चा पुढील प्रवास समजून घेताना ध्यानात ठेवावे लागते.

आरबी-२६ चे माप 'ग्रुप ए' या शर्यत-वर्गाने ठरवले. विक्रीस असलेल्या गाडीवरच शर्यतीची गाडी बेतली पाहिजे, अशी त्या वर्गाची अट होती, आणि टर्बो असलेल्या इंजिनाचे घनफळ १.७ ने गुणून त्याचा गट निश्चित केला जाई. ८६ मिलिमीटर बोअर (सिलिंडराचा व्यास) आणि ७३.७ मिलिमीटर स्ट्रोक (दट्ट्याची वरखाली धाव) यांतून येणारे २,५६८ घन सेंटिमीटर घनफळ या गुणकाने सुमारे ४,३६६ होते व ४,५०० च्या गटात बसते. शर्यतीत हे इंजिन साडेपाचशे अश्वशक्तीच्या आसपास चालवायचे असल्याने ओतीव लोखंडाचा भक्कम ब्लॉक, घडीव पोलादाचा क्रँकशाफ्ट, प्रत्येक सिलिंडराला स्वतंत्र थ्रॉटल आणि पुढच्या व मागच्या तीन-तीन सिलिंडरांसाठी एकेक टर्बोचार्जर अशी योजना मुळातच केली गेली. मात्र त्या काळी जपानी उत्पादकांनी देशांतर्गत गाड्यांची शक्ती २८० अश्वशक्तीवर रोखण्याचा समझोता पाळला असल्यामुळे रस्त्यावरच्या गाडीत या इंजिनाचा बूस्ट सुमारे पाऊण बारवर अडवलेला होता. शर्यतीसाठी घडवलेली ताकद आणि समझोत्याने घातलेली मर्यादा यांच्यातील हे अंतरच कार्यशाळांचे क्षेत्र बनले.

शर्यतीतील यशाने या क्षेत्राला प्रतिष्ठा दिली. जपानच्या ग्रुप ए स्पर्धामालिकेत १९९० ते १९९३ या चार हंगामांतील सर्व २९ शर्यती जीटी-आरने जिंकल्या, आणि ऑस्ट्रेलियातील बाथर्स्टची हजार किलोमीटरची शर्यत जिम रिचर्ड्स व मार्क स्कैफ या जोडीने १९९१ व १९९२ अशी सलग दोन वर्षे याच गाडीतून जिंकली. ऑस्ट्रेलियातील कार्यशाळांचा या इंजिनाशी जो गाढ संबंध जडला, त्याचा उगम या विजयांत आहे. जपानमध्ये वाहनातील बदलांवरचे कडक नियम १९९५ मध्ये शिथिल झाल्यावर बदललेली गाडी रीतसर रस्त्यावर आणणे सोपे झाले आणि हा व्यवसाय उघडपणे फोफावला.

सुरुवातीला इंजिन न खोलता केवळ बूस्ट वाढवण्यावर भर होता, आणि पहिला दुबळा दुवा तेथेच सापडला. मूळ टर्बोचार्जरमधील टर्बाइनची चाके सिरॅमिकची होती. पोलादापेक्षा हलकी असल्याने ती लवकर वेग घेत व पाय दाबल्यापासून शक्ती येईपर्यंतचा विलंब कमी करीत. परंतु बूस्ट एक बारच्या पुढे नेला की वाढलेल्या उष्णतेने व वेगाने ही चाके दांड्यापासून निखळण्याचा धोका असे. निसानला या उणिवेची कल्पना होती, कारण शर्यतीची मान्यता मिळवण्यासाठी १९९० मध्ये काढलेल्या, निस्मो या आपल्या क्रीडाशाखेच्या नावाच्या आवृत्तीत तिने स्वतःच धातूची चाके वापरली होती. कार्यशाळांनी तोच मार्ग धरला.

टर्बो बदलल्यावर ताण इंजिनाच्या तेलव्यवस्थेवर आला. तेलाचा पंप क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावर बसतो आणि सुरुवातीच्या आर-३२ गाड्यांमध्ये क्रँकचा व पंपाच्या आतल्या चक्राचा संपर्कभाग अरुंद होता. दीर्घकाळ उच्च फेऱ्यांवर चालवताना तेथे कंपनांचे आघात साचून चक्र फुटे व क्षणात तेलाचा दाब नाहीसा होई. निसानने पुढे हा भाग रुंद केला, तर जुन्या क्रँकवर रुंद कडे चढवून घेण्याची रीत कार्यशाळांत रूढ झाली. दुसरी अडचण तेलाच्या परतीची होती. उच्च फेऱ्यांवर सिलिंडर हेडमध्ये चढलेले तेल पुरेशा वेगाने खाली उतरत नसे, तळाची टाकी रिती होऊन पंप हवा ओढू लागे आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे कोरडी पडून जळत. म्हणून हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या वाटा अरुंद करणे, परतीच्या वाटा मोठ्या करणे आणि टाकी वाढवणे ही तीन कामे आरबी-२६ च्या पुनर्बांधणीची पायरी मानली जाऊ लागली. यांतील एकाही कामाने अश्वशक्ती वाढत नाही. परंतु ती न करता वाढवलेली शक्ती फार काळ टिकत नाही.

इंजिनाच्या खालच्या भागाची बांधणी हे या विद्येचे सर्वांत कसोटीचे अंग होय. मूळचे ओतीव दट्ट्ये काढून घडीव दट्ट्ये बसवले जातात, कारण बूस्ट वाढल्यावर इंधनमिश्रण अवेळी भडकण्याचा, म्हणजे नॉकिंगचा, धोका वाढतो आणि त्याचे हातोड्यासारखे आघात ओतीव धातू सोसू शकत नाही. घडीव धातूच्या अनेक मिश्रणांचे दट्ट्ये तापल्यावर अधिक फुगत असल्याने दट्ट्या व सिलिंडर यांच्यातील फट निराळी ठेवावी लागते. सिलिंडर मोठे करण्याच्या क्रियेला, जिला महाराष्ट्रातील गॅरेजांतही बोअर करणे असेच म्हणतात, येथे एका अधिक काटेकोर पद्धतीची जोड मिळाली: हेडचे बोल्ट आवळल्यावर ब्लॉक सूक्ष्म प्रमाणात वाकतो, म्हणून त्याच दाबाने आवळलेली जाड पोलादी प्लेट वर बसवून सिलिंडर घासले जातात, जेणेकरून इंजिन बांधल्यावर ते खरोखर गोल राहावेत. वारंवार बोअर करायचे तर भिंती जाड हव्यात, यासाठी शर्यतीकरिता काढलेला 'एन-१' ब्लॉक पसंत केला गेला. सर्वसाधारण ब्लॉकवर ०५यू, तर या ब्लॉकवर २४यू अशी खूण असते.

यानंतर घनफळ वाढवण्याचा टप्पा आला. ८७ मिलिमीटर बोअर आणि ७७.७ मिलिमीटर धाव देणारा नवा क्रँक यांतून २,७७१ घन सेंटिमीटरचे इंजिन तयार होते, आणि जादा घनफळामुळे मोठे टर्बोचार्जर कमी फेऱ्यांवरच फिरू लागतात. आर-३४ पिढीच्या समाप्तीबरोबर २००२ मध्ये आरबी-२६ असलेल्या जीटी-आरचे उत्पादन थांबल्यावर निस्मोने आधी विकलेल्या गाड्या परत घेऊन 'झेड-ट्यून' ही ५०० अश्वशक्तीची आवृत्ती बांधली, तेव्हा तिच्या इंजिनाचे घनफळ नेमके हेच होते. कार्यशाळांनी घालून दिलेली वाट कारखान्याच्या क्रीडाशाखेने मान्य केल्याचा हा ठळक पुरावा आहे.

गेल्या काही वर्षांत या कामाचा हेतू बदलला आहे. आर-३२ जीटी-आर सुमारे ४४ हजार तयार झाल्या. पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना सूट देणाऱ्या अमेरिकी आयात-नियमामुळे २०१४ पासून त्या तेथे रीतसर जाऊ लागल्या, मागणी चढली, आणि २०१७ च्या अखेरीस निसान व निस्मो यांना आर-३२ चे बंद झालेले सुटे भाग पुन्हा काढावे लागले. ज्या कार्यशाळा पूर्वी इंजिनाची मर्यादा ओलांडण्यासाठी झटत, त्यांच्याकडे आता ते टिकवण्यासाठी येणारी कामेही मोठ्या प्रमाणावर असतात. हे दोन्ही हेतू परस्परविरोधी नाहीत, कारण फटी मोजणे, तेलाची वाट मोकळी ठेवणे आणि प्रत्येक भागाची ताकद शेजारच्या भागाच्या तोडीची करणे याच कामांवर दोन्ही उभे आहेत. आरबी-२६ ला लौकिक मिळवून देण्यात निसानच्या अभियंत्यांइतकाच वाटा या शिस्तीने काम करणाऱ्या कारागिरांचा आहे, आणि मोटारींच्या इतिहासाने त्यांची नोंद तितक्याच आदराने घेतली पाहिजे.