सायुज्य की सहभाग?

माणूस ईश्वराच्या स्वरूपात वाटेकरी होऊ शकतो का, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातला जुना वाद आहे. नव्या करारातील पेत्राचे दुसरे पत्र भाविकांना दैवी स्वभावात सहभागाची ग्वाही देते. ईश्वराने मनुष्यरूप घेतले ते मनुष्याला देवत्व लाभावे म्हणून, असे चौथ्या शतकात अथनेशियसने मांडले. चौदाव्या शतकात ग्रेगरी पालामासने त्याला मर्यादा घातली: सहभाग ईश्वराच्या शक्तीत, त्याच्या मूळ तत्त्वात नव्हे.

हा प्रश्न मराठीत आला तेव्हा शब्द आधीच सिद्ध होते. सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता या चार मुक्तींची परिभाषा संतसाहित्याने घरोघरी पोचवली होती. अडचण नेमकी तिथेच होती. सायुज्य म्हणावे तर जीवब्रह्मैक्याचा भास होतो. नुसते सान्निध्य म्हणावे तर पेत्राचे आश्वासन उणावते.

या अडचणीची सर्वांत तीव्र जाणीव असलेला मराठी माणूस म्हणजे नीलकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५). काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. ‘षड्दर्शनदर्पण’ (१८६०) या हिंदी ग्रंथात त्यांनी वेदान्ताला कठोर प्रश्न केला: जीवच ब्रह्म असेल, तर जीवाचे अज्ञान आणि पाप कोणाच्या माथी मारायचे? स्रष्टा आणि सृष्टी यांतील भेद त्यांना अढळ वाटे. पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती चिंतनावरही त्यांचा प्रभाव पडला.

म्हणून गोरे यांनी सहभागही नाकारला, असे मात्र म्हणता येत नाही. पुण्यात पंचहौद येथे काम करणाऱ्या ज्या अँग्लिकन संन्यासी संघाशी ते जोडले गेले, त्याच्या उपासनेत प्रभुभोजनाला मध्यवर्ती स्थान होते. आणि ते भोजन म्हणजे ख्रिस्ताच्या जीवनात वाटा घेणेच. आमच्या मते त्यांचा विरोध एकरूपतेला होता, सहभागाला नव्हे.

१८९५ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी निराळी वाट धरली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. वारकरी भक्तालाही प्रेमसुखासाठी वेगळेपण हवेसे वाटते. मुक्तीपेक्षा सेवा त्याला गोड. जवळीक पूर्ण, तरीही देव देवच आणि भक्त भक्तच. दर्शनांच्या परिभाषेत गोरे यांना जे सांगणे अवघड गेले, ते टिळकांना अभंगात सापडले.

तेव्हा वाङ्मयाच्या अभ्यासकांनी हा वाद केवळ धर्मपंडितांवर सोपवू नये. माणसाने देवाच्या किती जवळ जावे, याची सीमा येथे शब्दाच्या निवडीने आखली जात होती.