पाण्याची शेवटची वाट

बीड जिल्ह्यातल्या बाईला पाण्याचे मोल कुणी शिकवावे लागत नाही. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी आणि पायाखाली तापलेली वाट, हे आपल्या आयाआज्यांचे आयुष्य होते. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी तर अजून घराघरांतून निघतात. मात्र पाणी किती मिळाले हे आपण जितके आठवतो, तितके ते कशातून आले हे आठवत नाही. मंडळाच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने भगिनींचे लक्ष मी त्या दुसऱ्या इतिहासाकडे वेधू इच्छिते.

आपल्या शहराच्या दक्षिणेची खजाना विहीर सर्वांच्या परिचयाची आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, येथील जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली. मी ती अनेकदा पाहिली आहे, आणि दर वेळी नवल वाटते ते भुयारी वाटांचे. मोट नाही, यंत्र नाही. नुसत्या उतारावर पाणी चालत शिवारात जाते. पुढे मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी वसविली, म्हणजेच आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि त्या शहराला नहरींनी पाणी दिले. तिथल्या पाणचक्कीचे पाणीही लांबच्या झऱ्यापासून खापरी नळांतून आणलेले आहे. दगड, चुना आणि भाजलेली माती, अशी ही आपल्याकडची पाण्याची जुनी वाट.

तिकडे रोमन लोकांनी नळांसाठी शिसे पसंत केले. ते मऊ, हवे तसे वाकते, गंजत नाही. लॅटिनमध्ये शिशाला ‘प्लंबम्’ म्हणतात. नळकाम करणाऱ्याला आपण ‘प्लंबर’ म्हणतो तो शब्द तिथलाच. नवलाची गोष्ट अशी, की दोन हजार वर्षांपूर्वीच व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन स्थापत्यकाराने लिहून ठेवले, की शिशाच्या नळापेक्षा मातीच्या नळातले पाणी आरोग्याला चांगले. शिशाचे काम करणाऱ्या कारागिरांचे फिके पडलेले चेहरे त्याने पाहिले होते. जगाने ते ऐकले नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या शहरांनी घरोघर शिशाचेच नळ घातले.

शिशाला रंग नाही, वास नाही, चव नाही. ते शरीरात साचत जाते, हाडांत घर करते आणि लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटविते. गरोदर बाईच्या शरीरातून ते पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून जास्त नसावे. म्हणजे शंभर लिटरच्या पिंपात फक्त एक मिलिग्रॅम! आणि मुलांना मुळीच बाधणार नाही असे शिशाचे प्रमाण तर कोणतेच नाही, असे वैद्यकशास्त्र सांगते.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराची हकिगत ऐकण्यासारखी आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये खर्च वाचविण्यासाठी तेथील पाणी नदीतून घेण्यात आले. हे पाणी नळाला खाणारे होते, पण त्यावर जो उपाय करायचा तो केला गेला नाही. परिणामी जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरू लागले. ली-अॅन वॉल्टर्स ही तिथली एक गृहिणी, चार मुलांची आई. पाणी ठीक आहे असे अधिकारी सांगत असताना तिने तपासणीचा आग्रह सोडला नाही. मोना हॅना-अटिशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या रक्तातले शिसे वाढल्याचे दाखवून दिले. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये शहराला पुन्हा जुने पाणी सुरू करावे लागले. शहराला जाग आणण्यात या दोन बायकांचा वाटा मोठा होता.

आपल्याकडे शिशाचे नळ कुठे आहेत, असे कुणी विचारील. घरोघर दिसतात ते लोखंडी नळ आणि अलीकडचे पीव्हीसीचे पाइप. परंतु पीव्हीसी तापवून ओतताना ते जळू नये म्हणून त्यात शिशाची संयुगे मिसळण्याची रीत होती. त्यावर बंधन घालणारे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये केले. त्याआधी बसविलेले पाइप मात्र भिंतीत तसेच आहेत. पितळी तोटीत आणि नळाच्या डागकामातही शिसे असू शकते. स्वस्त पडते म्हणून कल्हईच्या कथलात शिशाची भेसळ होते, तीही विसरू नये.

आपल्या पूर्वीच्या शत्रूंवर आपण उपाय शिकलो. नारू दुहेरी कापडाने पाणी गाळल्याने अडला, आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. पटकीचे जंतू उकळल्याने मरतात. तुरटीने गाळ बसतो. शिसे मात्र यांपैकी कशालाही दाद देत नाही. उलट पाणी उकळून आटले, की उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते.

त्यात आपल्याकडे कित्येक वस्त्यांत नळ रोज येत नाही. पाणी नळात जितका वेळ थांबते, तितके ते त्यातले अधिक घेते. म्हणून नळ आल्यावर पहिले पाणी पिण्याच्या भांड्यात धरू नये. दुष्काळी मुलखात पाणी सोडून द्या असे मी कशी म्हणेन? पहिली बादली धुण्याभांड्यांना ठेवावी, माठ मागाहून भरावा, एवढेच. नवा पाइप किंवा तोटी घेताना शिसेविरहित असल्याचे दुकानदाराला स्पष्ट विचारावे. कल्हई ओळखीच्या माणसाकडून, शुद्ध कथलाची करून घ्यावी. पाणी तपासायला देताना शिशाची तपासणी वेगळी मागावी. जंतूंच्या तपासणीत शिसे दिसत नाही.

धरणापासून टाकीपर्यंतचे पाणी सरकारच्या आणि नगरपालिकेच्या हाती आहे. भिंतीतल्या नळापासून लेकराच्या पेल्यापर्यंतची शेवटची वाट तेवढी आपल्या हाती आहे. घराची डागडुजी निघाली की नळ कोणता बसवायचा हे पुरुषमंडळी ठरवतात आणि पाणी मात्र आपण भरतो. यापुढे त्या बोलण्यात आपणही बसावे. मंडळाने या वर्षी निदान सभासद भगिनींच्या घरचे पाणी तपासून घेण्याचे मनावर घ्यावे, अशी माझी नम्र सूचना आहे.